मावळतीची भिंत

मनुबाईच्या खोलीच्या तीन भिंतींना दर दिवाळीला चुना मिळायचा. चौथीला, मावळतीकडच्या भिंतीला, एकोणीस वर्षांत ब्रशाचा केस लागला नव्हता. नातसून राजेश्वरी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत चुन्याची बादली घेऊन तिकडं वळली, तशी म्हातारीनं खाटेवर बसल्या जागी हुकूम सोडला.

"ती सोडून."

"का वो आज्जी? केवढा तेलकट डाग पडलाय. बरं दिसत न्हाई."

"बरं दिसायला ठेवलाच न्हाई त्यो."

डाग जोतीरामच्या डोक्याचा होता. जोतीराम म्हणजे मनुबाईचा नवरा, फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला. राजस्थानच्या वाळूत बारा वर्षं काढून धडधाकट परत आला, आणि कडेगावात येऊन घरच्या भिंतीनं भाजला. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली आणि पुढचे दोन उन्हाळे तो या भिंतीला डोकं टेकून याच खाटेवर पडून होता. खाट दुसरीकडं न्यावी तर एका अंगाला चूल, एका अंगाला दार, आणि शेजारच्या खोलीत पोरगा, सून, त्यांची लेकरं.

ही खोली वाटणी झाल्यावर धाकट्या दिरानं बांधून दिली होती. दिराचं नाव लालासाहेब. तेव्हा तो नवा नवा कंत्राटदार झालेला. त्यानं तीन भिंती नऊ इंची घेतल्या आणि मावळतीची तेवढी चार इंची, विटा संपल्या म्हणून. वर पत्रा. लागूनच स्वतःचं घर काढलं, त्याला मात्र विटा पुरल्या, स्लॅबही पुरला, आणि उरलेल्या विटांचा दारात कट्टा झाला.

तरी भिंतीच्या बाहेर कडुलिंब होता म्हणून निभत होतं. लिंबाचं खोड लालासाहेबाच्या हद्दीत आणि सावली जोतीरामच्या. जोतीराम अंथरुणाला खिळला त्याच फाल्गुनात लालासाहेबाला ट्रॅक्टरसाठी शेड घालायची आठवण झाली. मनुबाईनं आयुष्यात कुणापुढं पदर पसरला नव्हता. त्या दिवशी पसरला.

"दोन उन्हाळं थांबा, भावजी. मग पाडा."

"किडलाय त्यो, वैनी. तुमच्याच पत्र्यावर पडंल एखाद्या वावटळीत."

दुपारपर्यंत लिंब आडवा झाला. गावात लालासाहेबानं तेच सांगितलं, झाड किडलेलं होतं. लिंबाचा पाला घातला की कणगीतल्या जोंधळ्याची कीड जाते, हे शेंबड्या पोराला ठाऊक. आणि ह्याचा लिंबच किडला. पुढच्या वर्षी वैशाखात जोतीराम गेला. दहाव्याला लालासाहेबानं चार माणसांत डोळे पुसले आणि म्हणाला, "दुखण्यानं नेला माझा दादा." मनुबाई तेव्हा एक शब्द बोलली नाही. नंतरही कधी भांडली नाही. बाया तिला म्हणायच्या, लय सोसलंस गं. बायांना काय कळतंय. भांडलं की राग फिटतो, आणि मनुबाईला तो फेडायचा नव्हता, राखायचा होता. विरजणासारखा, रोज चमचाभर मागं ठेवून.

चैत्रातल्या एका रविवारी राजेश्वरी टेप घेऊन त्या खोलीत आली. राजेश्वरी साताऱ्याची लेक, घरांचे नकाशे काढायचं शिकलेली. नवरा राजवर्धन फौजेत, पठाणकोटला. ती रोज सकाळी सातच्या एसटीनं सांगलीला गोपाळकृष्ण सरांच्या कचेरीत जायची आणि दिवेलागणीला परतायची. सरांनी नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. घर बांधायच्या आधी ते त्यात जसंच्या तसं उभं करायचं, मग ते उन्हानं किती तापेल, गार ठेवायला किती वीज खाईल, ते कळतं. सरकारच्या नियमात बसलं तर दाखला, नाही तर नकाशा माघारी. सर म्हणाले होते, आधी एखाद्या साध्यासुध्या घरावर हात बसवा, मग गिऱ्हाइकाच्या कामाला शिवा. राजेश्वरीला या खोलीहून साधं घर आठवलं नाही.

"आज्जी, जरा पाय वर घ्या. लांबी मोजते."

"अकरा फूट दोन इंच," मनुबाई म्हणाली.

टेप अकरा फूट दोन इंचावर थांबला.

"आन् रुंदी?"

"नऊ. दाराकडं बोटभर कमी. बांधणाराच वाकडा, तर भिंत सरळ कुठनं यायची."

"भिंती केवढ्या जाड?"

"तीन नऊ इंची. ही चार." मनुबाईनं मागं न बघता खांद्यावरून अंगठा दाखवला.

राजेश्वरीनं टेप गुंडाळून ठेवला आणि लॅपटॉप घेऊन खाटेवरच बसली. पडद्यावर एकेक भिंत उभी राहू लागली. भिंतीवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर विचारायचं: कशाची आहे, किती जाड, बाहेरून गिलावा आहे का, आतून आहे का, खिडकी केवढी, तोंड कुठल्या दिशेला. राजेश्वरी प्रश्न मराठीत करून सांगायची आणि म्हातारी उत्तर द्यायची. हे विचारणं मनुबाईला आवडलं. त्या भिंतीबद्दल इतकं बारीक तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पोटच्या पोरानंसुद्धा.

सगळं भरून झाल्यावर पडद्यावर एक पिवळा गोळा आला.

"ह्यो सूर्य," राजेश्वरी म्हणाली. "म्हैना आन् वेळ सांगा, तिथं नेऊन ठेवते."

"वैशाख. चार वाजलेलं."

गोळा सरकून खाली उतरला. तीन भिंती पिवळट झाल्या आणि चौथी कुंकवासारखी लाल.

"भितींतनं किती धग आत येती, त्याचा आकडा पंधराच्या आत पायजे, आज्जी. हितं तेवीस आलाय."

"म्हंजी काय झालं?"

"म्हंजे खोली नापास. ह्या नियमानं ही राहायला योग्य न्हाई."

मनुबाई पडद्याच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "आता लिंब घाल."

"आं?"

"लिंब. भितीपासनं सात पावलांवर. खोड माझ्या कवेत मावत न्हवतं, आन् फांद्या पत्र्याच्या वर हातभर आलेल्या."

राजेश्वरी हसली. "नियमात झाड धरत न्हाईत, आज्जी."

"का गं? झाडाला सावली नसती व्हय?"

"असती. पण झाड आज हाय, उद्या कुणी पाडलं म्हंजे? घर तर तिथंच ऱ्हाणार. म्हणून मोजायचंच न्हाई असं ठरवलंय."

"आस्सं," मनुबाई म्हणाली. "म्हंजी नियम करणाराला आमचा लालासाहेब ठाऊक हाय."

तरी राजेश्वरीनं शिकण्यापुरती, सावली पाडणारी एक उभी पाटी भिंतीबाहेर उभी केली, म्हातारी सांगेल त्या मापाची. पडद्यावरची भिंत लालाची पिवळी झाली आणि पिवळ्याची हिरवी. आकडा आला चौदा.

"काढ," मनुबाई म्हणाली.

भिंत लाल झाली.

"घाल."

हिरवी.

"काढ."

असं त्या दुपारी सात वेळा झाड उभं राहिलं आणि सात वेळा पडलं. राजेश्वरीला वाटलं, म्हातारीला खेळ गवसलाय. खेळ नव्हता. एकोणीस वर्षं मनुबाईच्या काळजात एक कुसळ होतं, कुणाला न दाखवलेलं: न जाणो, लालासाहेब म्हणतो ते खरं असेल. आजारी माणूस जातंच. झाड असतं तरी गेलं असतं. आज ते कुसळ निघालं. निघालं म्हणजे बरं वाटलं असं नव्हे. मोकळ्या जागेत आता नुसता राग राहिला, आणि त्याला ऐसपैस जागा मिळाली.

पुढच्या आठवड्यात राजेश्वरी एसटीतून उतरून घरात आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "आज्जी, तुमच्या भावजींचं काम आलंय आमच्याकडं."

लालासाहेब आता काही नवा कंत्राटदार राहिला नव्हता. गावाबाहेरची सासऱ्याची पट्टी, जिथं मनुबाईनं तीस वर्षं ऊस खुरपला होता, ती वाटणीत त्याच्याकडं गेली होती. तिथं आता चाळीस घरं उठायची होती. सगळी एका साच्याची, सगळ्यांना रस्त्याच्या अंगाला जमिनीपासून छतापर्यंत काचा. नाव ठेवलं होतं कुबेरनगरी. जाहिरातीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, सर्व घरे उत्तराभिमुख. उत्तर म्हणजे कुबेराची दिशा, पैसा चालत येतो म्हणतात. अक्षय तृतीयेला भूमिपूजन ठरलेलं, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं येणार होती. त्याआधी फक्त ऊर्जेचा दाखला हातात पाहिजे होता, आणि तो गोपाळकृष्ण सरांच्या कचेरीतून, म्हणजे राजेश्वरीच्या हातून जायचा होता.

मनुबाईनं ताटातली भाकरी तशीच ठेवली.

"नापास कर."

"आज्जी..."

"लाल कर म्हणते त्याची घरं. माझी खोली केलीस तशी. त्याला कळू दे, नापास झालं की कसं वाटतं ते."

"तुमची खोली मी लाल न्हाई केली. ती हुतीच. ह्यांचं घर घातलं, अकरा आकडा आला. हिरवं हाय ते. मी त्याला लाल कुठनं करू?"

"दोन बोटं इकडची तिकडं झाली तर कोण बघतंय?"

राजेश्वरी उभी राहिली. पोर तशी मऊ, पण साताऱ्याच्या मातीची. "मी बघतीय की. त्यांनी तुमच्याशी खोटेपणा केला म्हणून मी करू? मग तुमच्यात आन् त्यांच्यात फरक काय ऱ्हायला?"

चाळीस वर्षांत मनुबाईला असं कुणी बोललं नव्हतं. तिनं ताट सारलं. तीन दिवस ती नातसुनेशी बोलली नाही; बोलायचं ते मांजराशी बोलायची, राजेश्वरीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. "शिकलेल्या बाया आल्यात बाई आमच्यात. आमी अडाणी. आमाला फरक कळत न्हाई." चौथ्या दिवशी, तो रविवार होता, मांजराचाही कंटाळा आला तेव्हा ती स्वतःच राजेश्वरीच्या शेजारी येऊन बसली.

"दाव तरी मला, कसं हिरवं झालंय त्याचं."

राजेश्वरीनं घर पडद्यावर आणलं. दारापुढं रस्ता, काचांची भिंत रस्त्याकडं, मागं ओढा.

"सूर्य आण. चार वाजंव."

पिवळा गोळा सरकत सरकत घराच्या एका बाजूला, बिनखिडकीच्या आंधळ्या भिंतीकडं उतरला. काचा सावलीत राहिल्या, हिरव्यागार.

मनुबाईनं पडद्याजवळ तोंड नेलं. मग बोट लावलं, तेलाचं बोट.

"ह्यो रस्ता म्हंजी डांबरीच ना? पट्टीच्या कडंचा?"

"व्हय."

"मग सूर्य हिकडं काय करतोय, तंबाखू खायला गेलाय का?"

"म्हंजे?"

"आगं, तीस वर्षं खुरपलंय म्या तिथं. दुपारपातूर रस्त्याकडं तोंड करून खुरपायचं, आन् दुपार टळली की रस्त्याकडं पाठ करायची, न्हाई तर डोळ्यात ऊन. चार वाजता पाठ अशी भाजायची की चोळी अंगाला चिकटायची. दिवस रस्त्यावर बुडतोय तिथं. आमी बाया घरला निघायचो ते डोळ्यांवर हात धरून." मनुबाई सरळ बसली. "तुज्या यंत्राला काय दिसतंय ते दिसू दे. माजी पाठ खोटं बोलत न्हाई."

राजेश्वरीचा चेहरा उतरला. तिनं नकाशा उघडला. कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता, तो रस्त्याकडं तोंड करून. तोच तिनं सॉफ्टवेअरमध्ये घेतला होता. पट्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला, एसटीच्या वाटेवर नव्हती. जागा बघायला ती गेलीच नव्हती. नकाशावर बाण आहे म्हणजे तो खरा असणार, असं धरून चालली होती.

दोघी रिक्षा करून पट्टीवर गेल्या. राजेश्वरीनं फोनमधलं होकायंत्र काढलं आणि रस्त्याकडं धरलं. मग वळून परत धरलं. मनुबाई बांधावर बसून होती. तिला होकायंत्राची गरज नव्हती, साडेचार वाजले होते आणि ऊन तिच्या तोंडावर होतं, रस्त्यावरून येणारं.

"पश्चिम," राजेश्वरी म्हणाली. "घरांची तोंडं पश्चिमेला. बाण पाव फेरा वळवलाय."

"कुबेर येत न्हवता, म्हणून त्येलाच फिरवला," मनुबाई म्हणाली. "लोक कागदावरला बाण बघत्यात. सूर्य कोण बघतंय."

घरी येऊन राजेश्वरीनं बाण सरळ केला. बाकी काही नाही, एका विटेला हात लावला नाही. पिवळा गोळा घरापुढं येऊन उभा राहिला आणि चाळीसच्या चाळीस घरांच्या काचा लाल झाल्या. आकडा बावीस. राजेश्वरीनं सरांना फोन लावला. मनुबाई पलीकडून कान देऊन होती. सर शांतपणे म्हणाले, "जागा न बघता आपण बाण घेतला, ही चूक आपली. ती आपण लिहून देऊ. आणि खरा जो आकडा निघाला तोच जाईल."

मनुबाईनं त्या रात्री मांजराला दूध घातलं आणि त्याच्याशी एक शब्दही वाईट बोलली नाही.

अक्षय तृतीयेला पाच दिवस उरले असताना, बुधवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, लालासाहेब भावजयीच्या दारात आला. दोन्ही घरांना एकच आड भिंत, पण एकोणीस वर्षांत तो या दारातून आत आला नव्हता. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात आंब्याची पेटी. सत्तरी ओलांडली तरी ताठ होता.

पोरगा आणि सून कामाला गेलेली, घरात मनुबाई एकटीच; तिनं त्याला खिडकीतून येताना बघितलं होतं. तेवढ्या वेळात तिनं मीटरपाशी जाऊन फ्यूज उपसला आणि ओच्यात खोवला होता.

"या, भावजी. आत या. खाटंवर बसा. टेका की भितीला, वयं झाली आता आपली."

लालासाहेब बसला, टेकला, आणि पाठीला चटका बसल्यागत थोडा पुढं आला.

"पंखा लावता का जरा, वैनी?"

"लाइट गेलीया."

शेजारून, लालासाहेबाच्याच घरातून, टीव्हीवरच्या बाईचा आवाज येत होता.

"आमच्याकडं तर चालू दिसतीया."

"तुमच्याकडं नऊ इंची हाय. तुमचं समदंच येगळं." मनुबाईनं त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. पाण्याला नाही म्हणायची तिची रीत नव्हती. पाणी मिळेल. सावली नाही. "बोला. कशी आठवण झाली?"

"सुनबाईनं जरा घोटाळा केलाय बघा. पोरगी हुशार हाय, पर नवी हाय. बाणाचं काय तरी खूळ घेतलंय. वास्तुवाल्यानं दिशा काढून दिलेली, आन् ही म्हणती पश्चिम. तुमी एक शबूद टाका. बाण हाय तसा ऱ्हाऊ दे. चार दिवसांत लोक यायचं हायत, माजी अब्रू हाय."

"टाकीन की."

लालासाहेब हलका झाला.

"पर पाच वाजता सांगते," मनुबाई म्हणाली. "तवर बसा. लय दिसांनी आलाय."

तीन वाजले. पत्रा कडकड वाजू लागला. तापला की तो तसा वाजतो, कुणी वर चालल्यासारखा. मनुबाई दारापाशी, जिथं वाऱ्याची झुळूक येते तिथं, पाटावर बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. तिनं त्याला त्याच्या उसाचं विचारलं, कारखान्याचं विचारलं, मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या गुडघ्याला काय सांगितलं ते विचारलं. लालासाहेब उत्तरं देत होता. साडेतीनला त्यानं टोपी काढली. पावणेचारला शर्टाची वरची दोन बटणं, मग सगळीच. पाठ भिंतीपासून लांब ठेवावी तर गुडघे कळा मारायचे, टेकावी तर भिंत तव्यासारखी. तो एकदा टेकायचा, एकदा सरायचा.

"वैनी, दुसऱ्या खोलीत बसलो असतो."

"तिथं राजीचं कापड पसारलंय. आन् ही काय वाईट हाय? तुमच्याच हातची हाय."

लालासाहेबानं तांब्या उचलला, थोडं प्याला, थोडं मानेवर ओतून घेतलं.

"एसी बसवून देतो हितं. उद्या माणसं पाठवतो. माज्याकडनं."

"आता? माजा म्हातारा जाऊन एकोणीस वर्सं झाली. आता गार करताय व्हय खोली?"

चार वाजले. त्याच भिंतीतल्या खिडकीच्या गजांतून उन्हाचा पट्टा त्याच्या खांद्यावरून आत आला आणि मांडीवर उतरला. लालासाहेब उठायला गेला. मनुबाई निवडता निवडता म्हणाली, "उठलासा तर मग राजीला काय सांगायचं ते माज्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई. म्हातारी झाले मी."

तो बसला. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"ह्या खोलीत माणूस..." तो म्हणाला आणि थांबला.

तांदूळ निवडणारा हात थांबला. "म्होरं बोला."

"काय न्हाई."

"बोला की. ह्या खोलीत माणूस काय?"

लालासाहेब भिंतीवरच्या डागाकडं बघत होता. त्याच्या डोक्याशेजारी, वीतभर अंतरावर, जोतीरामचा डाग होता.

"लिंब किडलेला हुता, न्हवं?" मनुबाईनं विचारलं. आवाज साधा, जणू जोंधळ्याचा भाव विचारतेय.

"ते आता कशाला काढताय, वैनी."

"तुमच्या म्होरल्या दाराला मागनं बसवलेली चौकट त्याच लिंबाची हाय. म्या करवतताना बघितलीय, शेडंत. एकोणीस पावसाळं खाल्ले तिनं, कुठं भोक न्हाई, कुठं भुसा न्हाई. रोज सकाळी दारात सडा टाकताना बघते मी. किडलेलं लाकूड लय चिवट हाय बाई तुमच्याकडचं."

शेजारच्या घरातली टीव्हीवरची बाई गाणं म्हणू लागली. पत्रा वाजला.

"दादाला..." लालासाहेब म्हणाला. आवाज बसला होता, उन्हानं की कशानं, मनुबाईनं विचार केला नाही. "दादाला हितं असं लागत असंल, हे मला ठावं न्हवतं."

"ठावं न्हवतं तर पदर कशाला पसरला हुता मी? त्ये इचारलं न्हाई मी. लिंबाचं इचारलं."

उन्हाचा पट्टा त्याच्या मांडीवरून गुडघ्यांवर सरकला.

"न्हवता किडलेला," लालासाहेब म्हणाला.

"मोठ्यानं. मला कमी ऐकू येतंय."

"न्हवता किडलेला. शेड घालायची हुती. आन् लाकूड चांगलं हुतं."

मनुबाईनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, मीटरपाशी गेली आणि ओच्यातला फ्यूज काढून बसवला. पंखा गरगर फिरू लागला. लालासाहेब पंख्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं.

"आता जावा," ती म्हणाली.

"आन् बाणाचं?"

"बाणाचं मी काय करणार? निकाल कालच निघाला राजीच्या कचेरीतनं, बावीस आकड्याचा. मागं घ्यायचा न्हाई म्हणालेत सर. तुमचा नकाशा टपालानं माघारी येतोय. आन् सूर्य फिरवायचा म्हणाल, तर तेवढी लांब ओळख न्हाई माजी."

"मग मला अडीच तास हितं..."

"पाच वाजता सांगते म्हणलं हुतं. वाजलेत." तिनं आंब्याची पेटी उचलून त्याच्या हातात दिली. "ही घेऊन जावा. आन् कवा घरं नीट करून बांधलीसा, तर म्होरल्या काचांवर पडवी काढा. झाडं लावा म्हणणार न्हाई. झाडाचा भरवसा नियमाला बी न्हाई."

तो गेला. टोपी विसरला. मनुबाईनं ती चिमट्यानं उचलली, परसाच्या कुंपणावरून पलीकडं टाकली आणि चिमटा राखेनं घासला.

दिवेलागणीला राजेश्वरी परतली तेव्हा म्हातारी खाटेवर नव्हती. खाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलेली. भिंतीवर दोन डाग होते. एक जुना, तेलाचा, काळपट. दुसरा त्याच्या शेजारी, माणसाच्या पाठीएवढा, घामाचा, अजून ओलसर.

"कोण आलं हुतं, आज्जी?"

"साक्षीदार." मनुबाई परसात फक्कीच्या पिशवीचं तोंड सोडत होती. "चुना भिजव."

"आता? दिवाळीला लय अवकाश हाय."

"मी इचारलं व्हय तुला, दिवाळी कवा हाय? भिजव म्हणते." मग थोड्या वेळानं, बादलीत पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "आधी त्यो ओला डाग फडक्यानं नीट पुसून घे. आन् फडकं बाहेर फेक. मग तुज्या आजोबांच्या डागावर पयला हात मार. एका चुन्याखाली दोघं नकोत मला."